पॅकेजांची ‘यादी’, ‘संच’ की ‘गट’?

प्रश्न (फोंडा) :
जेंटू लिनक्स या संगणक-प्रणालीच्या पोर्टेज या पॅकेज व्यवस्थापकाविषयी (पॅकेज म्हणजे यंत्रात बसवायचे सॉफ्टवेअर) विद्यार्थ्यांसाठी एक छोटी मराठी पुस्तिका लिहीत आहे आणि एका शब्दापाशी अडलो आहे. पोर्टेजमध्ये आपल्या गरजेची पॅकेजे एका नावाखाली बांधून ठेवता येतात. ‘इटीसी’ निर्देशिकेत पोर्टेजच्या पोटात ‘सेट्स’ नावाची निर्देशिका असते. तीत मजकुराची साधी फाइल करायची, दर ओळीत एका पॅकेजचे नाव त्याच्या वर्गासह लिहायचे, आणि फाइलचे जे नाव तेच त्या समुदायाचे नाव होते. त्या नावाआधी ‘ॲट’चे चिन्ह (@) लावून इमर्ज ही पोर्टेजची आज्ञा चालवली की त्यातले सगळे बसते. मूळ शब्द ‘सेट’ आहे. मी आधी ‘यादी’ लिहिले, मग खोडून ‘संच’ केले, आणि एका सहकाऱ्याने ‘गट’ सुचवल्यावर दोन्हींविषयी शंका आली. जाणकारांनी मत द्यावे.

उत्तर (म्हापसा) :
‘यादी’च ठेवा. फारसी ‘याद’वरून आलेला हा शब्द मुळातच आठवणीसाठी लिहून ठेवण्याचा आहे, आणि आपली फाइल तेच काम करते. ‘यादी’त नुसती नोंद असते, बंधन नसते, असा आक्षेप कोणी घेईल, पण लग्नाच्या ‘याद्या’ झाल्या म्हणजे दोन्ही घरे बांधली गेली, हे आपण जाणतोच. गंमत म्हणून सांगतो, आपल्याकडे याहून नेमका शब्द आहे : पुरुमेंत. पावसाळ्याआधी सोलां, सुकी मासळी, मिरच्या, कांद्यांच्या माळा भरून ठेवतात, तसाच नव्या यंत्रात सगळा शिधा एकदम भरायचा. पण हा पोर्तुगीज वळणाचा शब्द घाटावरच्या वाचकाला समजणार नाही, आणि पुरुमेंत म्हणजे भरलेला माल, कागदावरची नोंद नव्हे. म्हणून तो सोडून देतो.

उत्तर (डिचोली) :
वरच्या उत्तरातला शेवटचा भेदच निर्णायक आहे, असे मला वाटते. फाइलमध्ये लिहिलेल्या ओळी ही यादी आहे. त्या ओळींमुळे नाव मिळून जी वस्तू तयार होते आणि जिच्यावर आज्ञा चालते, ती यादी नाही. शाळेच्या गणितात ‘सेट’ला ‘संच’ म्हणतात, आणि येथे ते साम्य वरवरचे नाही. संचात घटकांचा क्रम मोजत नाहीत, एकच घटक दोनदा लिहिला तरी तो एकच राहतो. पोर्टेजच्या फाइलमध्येही ओळी वरखाली केल्या किंवा एखादी चुकून दोनदा आली तरी फरक पडत नाही. शिवाय अशा फाइलच्या एका ओळीत दुसऱ्या सेटचे नावही लिहिता येते. त्या वेळी आतल्या सेटची पॅकेजे बाहेरच्यात मिसळतात, म्हणून त्याला ‘उपसंच’ म्हणणे गणिताच्या दृष्टीनेही चुकत नाही. ‘यादी’ला असा जोडशब्द सहज मिळणार नाही.

‘गट’ मात्र कृपया टाळावा. आर्च लिनक्सच्या पॅकमन या पॅकेज व्यवस्थापकामध्ये ‘ग्रुप’ नावाची वेगळी गोष्ट आहे आणि ‘गट’ तिच्यासाठी राखून ठेवायला हवा. तेथे गट बसवताना त्या दिवशी जे सदस्य असतील तेवढेच येतात. पुढे गटात नवे पॅकेज सामील झाले तरी ते आपोआप यंत्रात येत नाही. आर्चने २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये ‘बेस’ हा गट मोडून त्याच नावाचे मेटापॅकेज (इतर पॅकेजांवर अवलंबून राहून ती ओढून आणणारे पॅकेज) केले, कारण पायाभूत पॅकेजांच्या बाबतीत असे सुटेपण परवडत नाही. पोर्टेजचा सेट याच्या उलट वागतो : एकदा बसवलेल्या सेटचे नाव नोंदले जाते, आणि फाइलमध्ये ओळ वाढवून ‘वर्ल्ड’ हा पोर्टेजचा मुख्य सेट अद्ययावत केला की नवे पॅकेजही येते.

एक सावधगिरी. गणिताचा शब्द घेतलात म्हणून ‘वर्ल्ड’ला ‘विश्वसंच’ म्हणू नका. विश्वसंचात सगळे येते. ‘वर्ल्ड’मध्ये आपण स्वतः मागून घेतलेली पॅकेजे व संच आणि प्रोफाइलने (यंत्रासाठी निवडलेल्या मूळ मांडणीने) ठरवलेली पायाभूत पॅकेजे एवढीच असतात. त्यांच्या ओघाने आलेली अवलंबित पॅकेजे त्यात गणली जात नाहीत.

पुन्हा फोंड्याहून :
दोघांचाही आभारी आहे. नोंद आणि वस्तू यांतला हा भेद मला आधी सुचला असता, तर गेल्या महिन्यातली एक फजिती टळली असती. ‘चित्रकला’ नावाच्या माझ्या सेटमधून गिंप या चित्रे संपादणाऱ्या पॅकेजची ओळ काढली, डेपक्लीन (गरज नसलेली पॅकेजे काढून टाकणारा इमर्जचा पर्याय) चालवले, आणि गिंप जागचे हलेना. बराच वेळ फाइलकडे बघत बसलो. मग ध्यानात आले की सेट करण्यापूर्वी कधीतरी मी गिंप एकटेच बसवले होते, म्हणून त्याचे नाव ‘वर्ल्ड’ फाइलमध्ये स्वतंत्रपणे राहिले होते. मी यादीतली ओळ पुसली होती. पॅकेजवरची मागणी दुसऱ्या वहीत शाबूत होती.

तेव्हा पुस्तिकेत असे लिहीन : फाइलला ‘यादी’, त्या यादीने बनणाऱ्या नामांकित समुदायाला ‘संच’, आतल्या पॅकेजला ‘घटक’, आणि ‘वर्ल्ड’ देवनागरीत जसेच्या तसे. एक क्रियापद तेवढे उरले. पॅकेज बसवायचे पण ‘वर्ल्ड’मध्ये नाव घालायचे नाही, यासाठी इमर्जला ‘वनशॉट’ पर्याय आहे. ‘तात्पुरते बसवणे’ चुकीचे होईल, कारण दुसऱ्या कोणाला त्या पॅकेजची गरज असेल तर ते कायम राहते. सध्या ‘नोंद न करता बसवणे’ असे योजले आहे. लांब आहे, पण खोटे नाही.

उत्तर (म्हापसा) :
‘बिननोंद बसवणे’ चालेल. बाकी मान्य, ‘यादी’ निदान फाइलपुरती तरी राहिली.