हप्ता तोच, मुदत कमी

घरकर्ज लवकर फेडायला 'दर महिन्याला हप्त्यापेक्षा थोडं जास्त भरा' असं काही जण सांगतात. पगारदारांना जमेल ते. आमच्या यवतमाळकडे पैसा दिसतो कापूस विकल्यावरच, तोही कृषी केंद्राची उधारी फेडून उरला तर!

१० लाखांचं कर्ज, ९ टक्के व्याज, २० वर्षं मुदत धरा. हप्ता साधारण ९,००० रुपये, पण पहिल्या महिन्यात त्यातले ७,५०० व्याजातच जातात. म्हणून सुरुवातीच्या वर्षांत मुद्दलात टाकलेला पैसा जास्त कामी येतो. आमची ही वहीत तेलाच्या पिपापासून सगळा घरखर्च लिहिते. तूर घरची, डाळ विकत आणत नाही. असं करून कापसाचे जे पैसे उरतात, ते कर्जाच्या मुद्दलात टाकतो. बदलत्या व्याजदराच्या घरकर्जाला मुदतीआधी भरल्याचा दंड नाही. असे पैसे भरताना बँकेला द्यायच्या अर्जात मात्र 'हप्ता तोच, मुदत कमी' असं स्पष्ट लिहा. बँकेने माझा एकदा मुदतीऐवजी हप्ताच कमी करून ठेवला होता.