युंगफ्राऊयोखवर माणशी दीडशे फ्रँक घालावेत का?

रानजाई (धागाकर्ती)
मेच्या शेवटी आई-बाबांना घेऊन आम्ही दोघं स्वित्झर्लंडला चाललोय. बाबा एकाहत्तरचे, त्यांना बीपीची गोळी चालू आहे. इंटरलाकेनला तीन रात्री आहेत आणि स्विस ट्रॅव्हल पास काढलाय. घरात वाद एकाच गोष्टीवरून: युंगफ्राऊयोखला, म्हणजे रेल्वे जाते त्या उंच बर्फाळ खिंडीत, जायचं की नाही. पास ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनपर्यंत चालतो, तिथून पुढच्या तिकिटावर फक्त 25 टक्के सूट. म्हणजे पास असूनही माणशी दीडशे फ्रँकच्या पुढे. फ्रँक शंभर रुपयांच्या वर गेलाय. चौघांचे साठ हजारांहून जास्त, एका दिवसात.

माझं मत, जाऊ नये. पैसे हे अर्धंच कारण. आयगर, म्योंख, युंगफ्राऊ ही तीन शिखरं ओळीने उभी दिसतात म्हणून तर त्या भागाचं एवढं नाव. योखवर पोचलात की ती ओळच मोडते, कारण तुम्ही म्योंख आणि युंगफ्राऊच्या मधल्या खिंडीत उभे असता. आयगरची 1,800 मीटरची उत्तर भिंत तिथून दिसतच नाही. तिघं एकत्र बघायची तर समोरच्या म्युरेनला जावं, तिथे पास पूर्ण चालतो. मग वर जाण्याचं कारण काय उरतं? 'टॉप ऑफ युरोप'च्या पाटीपाशी फोटो. (योख आहे 3,454 मीटरवर. मोंट ब्लां 4,800 च्या वर आहे. कसला टॉप!)

म्युनिककर
साफ असहमत. योखवर शिखरं बघायला जातच नाहीत, हिमनदी बघायला जातात. आलेच ही आल्प्समधली सगळ्यात लांब हिमनदी, 20 किलोमीटरहून जास्त. 2001 पासून हा परिसर जागतिक वारसा यादीत आहे. योखवरच्या स्फिंक्स वेधशाळेच्या गच्चीवरून (3,571 मीटर) ती खाली वळत जाताना दिसते. म्युरेनहून तिचा इंचही दिसत नाही.

आणि ती रेल्वे! झुरिकचा उद्योजक अडॉल्फ गायर-झेलर याने 1896 साली काम सुरू केलं, 1899 मध्ये तो गेला, आणि गाडी योखला पोचली 1912 साली. आयगर आणि म्योंखच्या पोटातून सात किलोमीटरचा बोगदा. मूळ बेत तर थेट युंगफ्राऊच्या शिखरापर्यंत न्यायचा होता. आपल्याकडे बोरघाटाची रेल्वे कौतुकाने बघणाऱ्या माणसाने हे तिकीट महाग म्हणू नये.

कोकणकडा
बोरघाटात निदान खिडकीतून दरी दिसते हो. इथे बोगद्यात काळोख, मधे आइसमेअर स्टेशनला पाच मिनिटं काचेतून डोकवायचं आणि परत काळोख.

रानजाई, मत पूर्ण पटलं, पण म्युरेनऐवजी गोर्नरग्राट बघ. झरमाटहून दातेरी रुळांची गाडी, 1898 पासूनची, बहुतेक उघड्यावरून, 33 मिनिटं. पासवर तिकीट निम्मं. वर 3,089 मीटर, म्हणजे बाबांनाही सोपं. समोर माटरहॉर्न एकटा उभा. बाकी शिखरं गर्दीत असतात, याला शेजारीच नाही. 1865 मध्ये व्हिम्पर या इंग्रज गिर्यारोहकाची तुकडी पहिल्यांदा वर चढली आणि उतरताना सातातले चौघे गेले. खाली झरमाटमध्ये उभं राहून ती धार बघितली की हे लगेच पटतं.

म्युनिककर
इंटरलाकेनहून झरमाट जाताना दोन तास, येताना दोन तास, आणि सोबत एकाहत्तरचे बाबा. नकाशा एकदा बघा राव.

स्टेथोस्कोप
वैद्यकीय बाजू कुणी मांडली नाही म्हणून लिहितो. इंटरलाकेन सुमारे 570 मीटरवर आहे. तिथून दोनेक तासांत तुम्ही 3,454 वर पोचता. वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास, प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी. लेह साधारण याच उंचीवर आहे आणि तिथे विमानातून उतरलं की पहिला दिवस झोपून काढा असं सगळेच सांगतात. योखला मात्र लोक गाडीतून उतरून बर्फाच्या महालाकडे पळत सुटतात.

गोळीने बीपी ताब्यात असलेल्या बहुतेकांना दोन-तीन तासांनी काही होत नाही. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास असेल तर मात्र आधी आपल्या डॉक्टरांना विचारायचंच. वर हळू चालायचं, जिने टाळायचे, पाणी पीत राहायचं. डोकं गरगरलं तर पुढच्या गाडीने खाली. "एवढे पैसे भरलेत, अजून थोडा वेळ थांबू" हे वाक्य सगळ्यात घातक.

चहाबाज
वरच्या चहाची किंमत विचारू नका, बीपी तिथेच वाढेल.

सातारी_कंदी
सगळे आपापल्या आवडीचं सांगताय. आई-बाबांना काय हवंय ते कुणी विचारलं का? आमच्या आईला आयगरची भिंत दाखवली, ती म्हणाली "छान आहे हो" आणि पर्समधून चिवडा काढला. योखच्या पठारावर पायाखाली बर्फ लागला तेव्हा मात्र तिला हातमोजे घालायचंही भान राहिलं नाही. वर बॉलिवूड नावाचं भारतीय रेस्टॉरंट आहे म्हणून जाणकार मंडळी नाकं मुरडतात. सत्तरीतल्या बाईला थंडीत गरम वरण-भात मिळाला तर बिघडलं कुठे?

कोकणकडा
नुसता बर्फच हवा तर गुलमर्गचा गोंडोला 3,900 मीटरच्या वर नेतो. योखहून उंच आणि कितीतरी स्वस्त.

सातारी_कंदी
म्हणजे बीपीवाल्या बाबांना आणखी साडेचारशे मीटर वर चढवायचं. स्टेथोस्कोप, ऐकताय ना? आणि स्वित्झर्लंडला गेलेल्या माणसाला गुलमर्गचा सल्ला काय कामाचा?

म्युनिककर
दोन गोष्टी राहिल्या. एक, मेचा शेवट. शिनिगे प्लाटेसारख्या समोरून देखावा दाखवणाऱ्या बऱ्याच उंच जागा तेव्हा उघडलेल्याही नसतात, तिथली गाडी जूनमध्ये सुरू होते. दिवाळीच्या सुट्टीत येणाऱ्यांचं तेच, नोव्हेंबरात निम्म्या केबलकार दुरुस्तीला बंद. योख वर्षभर चालू असतं.

दुसरी, ती भिंत. रानजाई, ती तुझ्या वाटेतच आहे! जाताना ग्रिंडेलवाल्ड टर्मिनलहून आयगर एक्सप्रेस घ्यायची. 2020 च्या डिसेंबरात सुरू झालेली ही केबलकार पंधरा मिनिटांत आयगरग्लेचर स्टेशनला सोडते आणि भिंत पूर्णवेळ शेजारी. तिथून पुढे बोगद्यातली गाडी. परतताना भिंतीखालच्या क्लाइन शायडेक स्टेशनला उतरून तासभर बसायचं, मग वेंगेनमार्गे लाउटरब्रुनेन. समोरून, खालून, आतून, सगळं एकाच तिकिटात.

रानजाई
हा मार्ग माझ्या डोक्यात नव्हता. भिंतीचा आक्षेप मागे घेते, पैशांचा नाही. ढग आले तर काय? साठ हजारांत पांढरा पडदा बघायचा?

म्युनिककर
म्हणून तर भारतातून तिकीट काढायचंच नाही. वरच्या कॅमेऱ्याचं थेट चित्र वेबसाइटवर असतं, कित्येक हॉटेलांत सकाळी टीव्हीवरही लागतं. तीनपैकी जी सकाळ निरभ्र, ती योखची. ढग बहुधा दुपारी चढतात, म्हणून पहिल्या गाड्यांपैकी एक धरा.

कोकणकडा
आणि तिन्ही सकाळी ढग असले तर?

म्युनिककर
तर तुमचं खरं. म्युरेनलाही ढगच असतील तेव्हा, पण फुकटात.

रानजाई
बाबांना धागा वाचून दाखवला. ते म्हणाले, त्या गायर-झेलरचा बोगदा बघायचाच, बाकी काही दिसलं नाही तरी चालेल (रेल्वेतून निवृत्त, काय बोलणार). आईला क्लाइन शायडेकपर्यंत यायचंय, पुढे नको. सध्या बेत असा: वर नवरा आणि बाबा, आम्ही दोघी खाली भिंतीसमोर. योखची तिकिटं दोनच.

सातारी_कंदी
आईंना बर्फाचं नीट सांगितलंत का? की हा तुमचा निर्णय?

म्युनिककर
आधी डॉक्टरांचं विचारून घे. आणि गाडीतल्या जागेचं आरक्षण तिकिटापेक्षा वेगळं असतं, ठरलेल्या गाडीचं. मेच्या शेवटी आपल्याकडच्या सहली असतात, सकाळच्या गाड्या भरतात. कॅमेरा बघितला की लगेच तेही करून टाक.