दादरच्या मोगऱ्यामागचं पाणी

दादरकरीण: आमच्या फुलबाजारात येणारा बराचसा मोगरा जव्हार, मोखाडा, विक्रमगडचा, आदिवासी शेतकऱ्यांनी लावलेला. ज्यांच्या विहिरीला मार्चनंतरही पाणी टिकतं, अशी घरं वीटभट्टीवर न जाता गावात राहिलेली मी पाहिली आहेत. गरिबी हटवायचा टिकाऊ रस्ता मला हाच वाटतो: पाणी गावात अडवायचं, फळझाडांची वाडी आणि मोगरा लावायचा. खर्च मुंबईने उचलावा. २०१४ साली बांधून झालेलं १०२ मीटर उंचीचं मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यात, भातसा शहापुरात. ते पाणी आपण पितो आणि त्याच तालुक्यांतले पाडे मे महिन्यात टँकरची वाट बघतात. पाणीपट्टीतला ठरावीक वाटा तिथल्या बंधाऱ्यांना द्यायला कुणाची हरकत असावी?

बोरिवली पूर्व: माझी आहे. पैसे द्यायला नाही, माणसांना गावात थांबवायला. एकर-दीड एकर वरकस, म्हणजे उताराच्या हलक्या जमिनीवर कुटुंब वर येत नाही. सगळ्यांनीच मोगरा लावला तर भाव कोसळेल. माझे वडील कोकणातून गिरणीत आले म्हणून मी शिकलो. पालघर जिल्ह्यातच तारापूर-बोईसरची औद्योगिक वसाहत आहे. आश्रमशाळा सुधारा, आयटीआय काढा, पोरांना तिथे कायमची नोकरी द्या. शाश्वत विकास म्हणून गरिबाने नाचणी-वरईच पिकवत बसावं, हे शहरातल्यांनी सांगू नये.

मोखाड्याचा, सध्या कांदिवली: दादा, तुमचे वडील पगारावर आले. आमची माणसं दिवाळीनंतर 'जगायला' जातात, आमच्याकडे असंच म्हणतात. भट्टीवाल्या शेठचा बयाणा, म्हणजे आगाऊ उचल, आधीच घेतलेला असतो, तो भिवंडी-वसईकडच्या भट्टीवर नवरा-बायको मिळून फेडतात. पोरं सोबत. शाळेचं दुसरं सत्र गेलंच. माझ्या वर्गातली सहा-सात मुलं दरवर्षी अशीच दिसेनाशी व्हायची. आयटीआयपर्यंत पोचायला आधी दहावी व्हावी लागते. माझ्या मामाने शेततळं करून मोगरा लावला, तेव्हापासून मामी भट्टीवर गेली नाही आणि मामेबहीण आता बारावीला आहे.

पण ताई, आमच्याकडे पाऊस कमी नाही. अडीच-तीन हजार मिलिमीटर पडतो, उतारावरून आणि कातळावरून वाहून जातो. बंधाऱ्याचं काम ठेकेदाराला दिलंत तर पहिल्या पुरात भिंत जाईल. गावानेच रोजगार हमीतून ते करायला हवं.

बोरिवली पूर्व: बयाण्याचं मला माहीत नव्हतं. पण हमीची मजुरी महिना-महिना अडकते आणि शेठ रोख मोजतो. घरात दाणा नसलेला माणूस कुणाकडे जाईल?

मोखाड्याचा, सध्या कांदिवली: शेठकडेच. म्हणून तर सांगतो, बयाणा उचलला जातो तो पावसाळ्यात. आवणी, म्हणजे भाताची लावणी, झालेली असते, धान्याची कणगी रिकामी असते, हाताला काम नसतं. कोरोनाच्या काळात सरकारने खावटी, म्हणजे खाण्यापुरती मदत, म्हणून चार हजार दिले, अर्धे रोख, अर्धं धान्य-डाळ. तेवढं दरवर्षी श्रावणात मिळालं तरी कित्येक घरं बयाणा घेणार नाहीत आणि दिवाळीनंतर बंधाऱ्याच्या कामाला गावात हात उरतील. ताई, पाणीपट्टीतला पहिला पैसा तिथे घाला. सिमेंट नंतर.