तिन्ही पिसं एकाच पंखाची घ्या
मित्राला द्यायचा बाण सोडल्यावर भरकटतो म्हणताय. माझाही पहिला असाच गेला, थेट शेजाऱ्यांच्या माडात. घोळ पिसांत होता: दोन डाव्या पंखाची, एक उजव्याचं. कोंबड्याच्या एकाच पंखाची तिन्ही लावली, तेव्हा गिरकी घेत सरळ गेला. काठीला कुडाळकडचा माणगा बांबू बघा. भरीव असतो, कोयत्याने चिरून तासता येतो. वाक असेल तिथे निखाऱ्यावर शेकायचा, गुडघ्यावर दाबायचा आणि गार होईपर्यंत सोडायचा नाही. घाई केली की परत वाकतो. पिसांना फणसाचा चीक, वरून दोरा घट्ट. (आधी हाताला खोबरेल लावा, नाहीतर बसाल खरवडत!) टोक मात्र बोथटच ठेवा, १९७२च्या वन्यजीव कायद्यामुळे शिकारीचं नावही नको.