चालत्या गाडीवरून कॅरव्हॅनची बॅटरी पूर्ण चार्ज होत नाही

प्रश्न: आम्ही मेलबर्नमध्ये राहतो. कॅरव्हॅनमधील 100 अँपिअर-तासांची एजीएम (सीलबंद शिसे-आम्ल प्रकारची) बॅटरी ओढणाऱ्या गाडीच्या अल्टरनेटरवरून (इंजिनवर फिरणाऱ्या वीजनिर्मिती यंत्रावरून), अँडरसन प्लगमार्फत (गाडी व कॅरव्हॅनच्या वायरी जोडणाऱ्या मोठ्या प्रवाहाच्या प्लगमार्फत) जोडलेली आहे. परंतु दिवसभर प्रवास करूनही मुक्कामी ती अर्धवटच भरलेली आढळते. बॅटरी बदलावी काय?

पहिले उत्तर: बॅटरीला दोष देण्यापूर्वी वायर तपासावी. ऑस्ट्रेलियात ‘6 एमएम’ म्हणून मिळणाऱ्या ऑटो केबलचा तो आकडा इन्सुलेशनसह बाहेरच्या व्यासाचा असतो. आतील तांबे साधारण 4.6 चौरस मिलिमीटरच भरते. जाण्या-येण्याची मिळून 16 मीटर वायर आणि 25 अँपिअर प्रवाह धरल्यास सुमारे दीड व्होल्ट वाटेतच खर्ची पडतो. मग एजीएमला लागणारे 14.4 व्होल्ट पोहोचणार कसे?

दुसरे उत्तर: हे खरे असले, तरी केवळ जाड वायरीने भागेलच असे नाही, कारण अलीकडच्या अनेक गाड्यांत स्वतःची बॅटरी भरली की इंधनबचतीसाठी अल्टरनेटरचे व्होल्टेज 13च्याही खाली उतरवले जाते. कॅरव्हॅनच्या बॅटरीजवळ डीसी-डीसी चार्जर (आलेले कमी व्होल्टेज बॅटरीला हवे तेवढे वाढवून देणारे उपकरण) बसवावा, गाडी सुरू असतानाच तो चालावा म्हणून त्याला इग्निशनची स्वतंत्र तार द्यावी आणि फ्यूज गाडीच्या बॅटरीलगत ठेवावा.

प्रश्नकर्ता: थ्री-वे फ्रिजही (गॅस, घरची वीज किंवा बॅटरी यांपैकी कशाच्याही उष्णतेवर चालणारा) त्याच वायरीवर आहे.

पहिला उत्तरदाता: तो आधी वेगळ्या वायरीवर घ्यावा. बॅटरीच्या वाट्याचा बराचसा प्रवाह त्याचा हीटरच ओढत असणार.