भावाने उंचीसाठी दोन्ही पाय लांबवले, आता टाच टेकत नाही, गावात राहून काय करता येईल?

दारव्ह्याची_ताई

नमस्कार. कोणी या ऑपरेशनमधून गेलं असेल किंवा घरात कोणाचं झालं असेल तर प्लीज सांगा, आम्ही पार गोंधळून गेलोय. माझा लहान भाऊ पुण्यात कंपनीत आहे, उंची पाच फूट चार इंच, लग्नाची दोन ठिकाणची बोलणी उंचीवरून फिसकटली आणि तिसऱ्या ठिकाणी मुलीच्या मामाने तोंडावरच म्हटलं की पोरगा चांगला आहे पण जोडा शोभत नाही, तेव्हापासून त्याच्या डोक्यात हे बसलं होतं म्हणे. आम्हाला सांगितलं की पायाचं छोटं ऑपरेशन आहे. गाडीतून उतरवला तर दोन्ही नडग्यांना लोखंडी रिंगा, त्यातून तारा आणि पिना आरपार. आई तर दारातच बसली.

डॉक्टरांनी पाय लांबणं पूर्ण होईपर्यंत दवाखान्याजवळच राहा म्हटलं होतं, पण साठवलेले सगळे पैसे ऑपरेशनमध्ये गेले आणि पुण्याची रूम तिसऱ्या माळ्यावर, लिफ्ट नाही, म्हणून हा सरळ गावी आला.

आता परिस्थिती अशी की रोज चार वेळा रिंगेचे नट फिरवतो, दर वेळी पाव मिलिमीटर हाड लांबतं. साडेतीन सेंटिमीटर झालंय, पाच करायचंच म्हणतो. पण टाच जमिनीला लागतच नाही, वॉकर धरून पंजावर उभा राहतो आणि टोंगळे (गुडघे) वाकलेले. डाव्या पायाच्या एका पिनपाशी लाल झालंय, थोडा पू येते. दवाखान्याच्या नंबरवर फोटो पाठवला तर "स्ट्रेचिंग वाढवा" एवढंच उत्तर आलं. फिजिओथेरपीवाले यवतमाळला, जाऊन येऊन अख्खा दिवस मोडते आणि गाडीचं भाडं वेगळं. शेजारचे काका म्हणतात की एक हाडवैद्य आहे, तेल लावून पोटरी मोकळी करून देतो. नेऊ का? त्यात हे ऊन, लाइन गेली की कूलर बंद आणि हा रात्रभर जागा.

फिजिओ_वर्धा

ताई, आधी एकच, हाडवैद्याकडे अजिबात नेऊ नका. त्याच्या नडगीत आत्ता पक्कं हाड नाहीये, कापलेल्या दोन टोकांच्या मधे नवीन कोवळं हाड तयार होऊन राहिलंय, ते एक्सरेतही धड दिसत नाही सुरुवातीला. तिथे कोणी जोर लावून ओढलं तर काय होईल ते मी सांगायला नको.

आता टाच का उचलली जाते ते समजून घ्या म्हणजे व्यायाम कशासाठी ते त्यालाही पटेल. हाड दिवसाला एक मिलिमीटरने वाढवता येतं, पण पोटरीचा स्नायू आणि त्याची मागची दोरी तेवढ्या वेगाने वाढत नाही. ती ताणली जाते आणि टाचेला वर ओढते. पोटरीचा वरचा स्नायू टोंगळ्याच्या वरून सुरू होतो आणि टाचेपर्यंत जातो, म्हणून टोंगळा वाकवला की टाच थोडी खाली येते आणि पेशंटला वाटतं जमलं, पण तो स्नायू ताणलाच जात नाही. स्ट्रेचिंग टोंगळा पूर्ण सरळ ठेवूनच करायचं. पाय लांब करून बसवा, तळव्याच्या पुढच्या भागाला टॉवेल किंवा जुना पंचा अडकवा आणि त्याने स्वतः आपल्याकडे ओढायचं, तीस सेकंद धरायचं, सोडायचं, परत. दिवसातून एकदा अर्धा तास करून भागत नाही, जेवढ्या वेळा नट फिरवतो त्याहून जास्त वेळा हे व्हायला पाहिजे. झोपताना टोंगळ्याखाली उशी देऊ नका, त्याला बरं वाटेल पण टोंगळा तसाच आखडतो. आणि रात्री पंजा काटकोनात धरून ठेवायला रिंगेला अडकवायची पट्टी किंवा स्प्लिंट मिळते, ती डॉक्टरांना मागा.

पण खरं सांगू का, पंजा हाताने ओढूनही काटकोनात येत नसेल तर हे नुसत्या व्यायामाचं काम राहिलं नाही. अशा वेळी सर्जन वेग कमी करतात, दिवसाला पाऊण किंवा अर्धा मिलिमीटर, नाहीतर काही दिवस थांबवतात. हे त्यांनीच पाय बघून ठरवायचं. घरच्या घरी नट उलटे फिरवू नका, आणि आपल्या मनाने जास्त दिवस बंदही ठेवू नका, कारण नवीन हाड आधीच पक्कं झालं तर पुढे लांबायचं थांबतं. पू आलाय म्हणजे तसंही दाखवावंच लागेल. पिनपाशीचं इन्फेक्शन या रिंगेत खूप जणांना होतं, वेळेवर घेतलं तर गोळ्यांनी आटोक्यात येतं. हळद, चुना, राख असलं काही लावू नका.

पायाचं बोट वर उचलता येत नसेल, पंजाच्या वरच्या बाजूला बधिर वाटत असेल, किंवा पोटरी एकदम सुजून दुखत असेल, दम लागत असेल तर व्हॉट्सॲप नाही, त्याच दिवशी दवाखाना.

आणि हो, तो खर्रा खातो का?

दारव्ह्याची_ताई

खातो ताई. आल्यापासून जास्तच. दिवसभर बाजेवर पडून दुसरं काय करणार म्हणतो, मित्र येतात ते घेऊनच येतात.

फिजिओ_वर्धा

तर मग मित्रांना आधी दाराबाहेर काढा. तंबाखूतलं निकोटिन रक्तवाहिन्या आकसवतं, नवीन हाड भरायला उशीर लागतो, कधी कधी भरतच नाही. एवढे लाख घालून हाड कापून घेतलं आणि वरून खर्रा, याला काय म्हणावं. सिगारेट नाही ओढत म्हणून बिनधास्त राहतात आपल्याकडचे पोट्टे, पण निकोटिन निकोटिनच आहे, घोटून खाल्लं काय आणि ओढलं काय.

रिंगवाला_पांढरकवडा

ताई मले उंचीसाठी नाई, ट्रॅक्टरची ट्रॉली पायावर आली होती, नडगीचं हाड सडलं, तेवढा तुकडा काढला आन मग याच रिंगेनं हाड वाढवून जोडलं. वरसाच्या वर रिंग होती माह्या पायाले. आमचे डॉक्टर सांगे की ही रिंग रशियातल्या इलिझारोव्ह नावाच्या डॉक्टरनं काढली, तिकडं सायबेरियात कुर्गान गावात, १९५० च्या आसपास, हाड न जुळणाऱ्या लोकायसाठी. उंची वाढवायसाठी लोक वापरतीन असं त्यालेबी वाटलं नसन.

फिजिओ ताईनं सांगितलं ते बरोबरच हाय, मी फक्त घरातलं सांगतो. पयले त संडासची सोय करा. खाली बसताच येत नाई, अन रिंगा दोन्ही पायाले म्हनजे त मुश्किलच. कमोडची खुर्ची येते, खालून भांडं असते, ते आना. न्हाणीत प्लास्टिकची खुर्ची ठेवा, तिच्या पायाले रबर लावा नाईतर घसरते. पॅन्ट घालताच येत नाई, आमच्या घरी जुन्या पायजाम्याची बाजूची शिवण उसवून नाड्या लावल्या होत्या, तेच बरं पडे. रिंगेवर पातळ सुती कापड गुंडाळून ठेवा, माशा बसतेत. कूलरसमोर पाय ठेवू नका, त्या गवताच्या जाळीतून कचरा उडते आन पानी गढूळ असते, पिनीवर बसलं की झालं. कूलर डोक्याच्या बाजूनं लावा. घामानं पिनीपाशी ओल राह्यते, मले उन्हाळ्यातच जास्त पिकलं.

नट फिरवल्याची वही ठेवजा. कोन्या टायमाले, कोन्ता पाय. लाइन गेली, झोप लागली, पाहुने आले की एक वेळ चुकते, मंग पोट्टा म्हनते आता दोन वेळचं एकदम फिरवतो. तसं करायचं नाई.

आन लोक पाह्याले येतीन. रोज येतीन. काय झालं, कसं झालं, किती खर्च झाला. आमच्याइकडं त पोरं रिंग मोजे. त्याचं तुमी ठरवा काय सांगाचं ते.

भरती_१६३

मी नेर तालुक्यातला. पोलिस भरतीची तयारी करून राहिलो दोन वर्षांपासून, ग्राउंड माझं मस्त आहे, १६०० मीटर दमात मारतो, गोळा पण जातो, पण उंची १६३ आणि पुरुषांना १६५ लागते. फक्त दोन सेंटिमीटरचा प्रश्न आहे. हे ऑपरेशन दोन सेंटिमीटरसाठी केलं तर लवकर बरं होते का? वावर थोडं गहाण ठेवून होऊन जाईल. कृपया मार्गदर्शन करा.

रिंगवाला_पांढरकवडा

अबे वेडा झाला का.

फिजिओ_वर्धा

दादा, रिंगवाले भाऊ रागात बोलले पण तुम्ही ऐकाच. दोन सेंटिमीटर लांबायला तीन-साडेतीन आठवडे लागतात, बरोबर, पण खरा वेळ त्यानंतर लागतो. लांबलेलं हाड पक्कं व्हायचं असतं. नुसत्या रिंगेवर असेल तर साधारण एका सेंटिमीटरला महिना-दीड महिना धरतात, आणि एक्सरेत हाडाच्या चार बाजूंपैकी तीन बाजू नीट भरलेल्या दिसल्याशिवाय रिंग काढत नाहीत. त्यानंतर चालणं, मग भराभर चालणं, मग पळणं. आणि पळणं पूर्वीसारखं होईलच याची खात्री कोणताही प्रामाणिक डॉक्टर देणार नाही. १६०० मीटरला २० मार्क, १०० मीटरला १५, गोळ्याला १५. जी गोष्ट तुमच्याकडे आहे तीच तुम्ही कापायला निघालात. वर मेडिकलमध्ये नडगीवरचे पिनांचे वण लपत नाहीत. आणि तोपर्यंत वय निघून जाते.

एक साधी गोष्ट, उंची सकाळी जास्त भरते, दिवसभर उभं राहून सांजच्याला सेंटिमीटरभर तरी कमी होते, मणक्यातल्या गाद्या दबतात म्हणून. तुम्ही कधी मोजली ते बघा. सकाळी उठल्या उठल्या टाचा भिंतीला लावून नीट मोजून घ्या. त्यातही १६३ च भरली तर दुसऱ्या परीक्षा आहेत ज्यात उंची विचारत नाहीत. ते पावडर, इंजेक्शन, लोंबकळणं यात पैसे घालू नका, हाडांची वाढीची टोकं एकदा बंद झाली की त्याने काही होत नाही.

काळीमाती

मला एक कळत नाही, देवाने धडधाकट पाय दिले ते तोडून घ्यायचे, तेही पोरीचा मामा काय म्हणाला म्हणून. इथे लोकांना कर्ज फेडता येईना. २०१६ मध्ये हैदराबादला पण एका इंजिनियर पोराने घरी न सांगता हेच केलं होतं, केवढा गाजावाजा झाला पेपरात, तरी अक्कल येत नाही.

टाच_वर

मीच तो भाऊ. ताईने मला न विचारता टाकलं, आता वाचलं सगळं.

काळीमाती भाऊ, तुमची उंची किती आहे? नाही, सहज विचारलं. कॉलेजपासून गँगमध्ये मला बटुक्या म्हणत, फोटोत पुढे बसवत, ऑफिसमध्ये ज्युनियर पोरगं खांद्यावर कोपर टेकवून उभं राहते. मामा शेवटचा होता, पहिला नव्हता. मला कोणाची दया नको आणि लेक्चर पण नको, आठ वर्षांच्या पगारातले माझे पैसे आहेत, वावर विकलं नाही.

पण दुखते त्याबद्दल खोटं बोलत नाही. ऑपरेशनचं दुखणं वेगळं, ते गोळ्यांनी जाते. हे रात्रीचं वेगळं आहे, पोटरी सुतळीसारखी ताठ होते आणि आतून करंट मारल्यासारखं, कूस बदलायला जावं तर दोन रिंगा एकमेकीला खणकन आपटतात आणि सगळं घर उठते. जाहिरातीत हे नसते. तिथे पोरगं ऑपरेशनच्या आधीच्या आणि नंतरच्या फोटोत हसत उभं असते, मधलं सहा महिन्यांचं कोणी टाकत नाही. मॅग्नेटवाला रॉड पण दाखवला होता मला, हाडाच्या आतच बसवतात आणि बाहेरून मशीन लावून लांबवतात, पिनांची कटकटच नाही, पण त्याची किंमत ऐकून मी रिंगच म्हटलं. पुढे वाचलं की त्याच्यातलाच एक स्टीलचा प्रकार, ज्यावर लवकर पूर्ण वजन देता येईल म्हणत होते, तो २०२१ मध्ये कंपनीने परत मागवला, आत गंजल्यासारखं होत होतं म्हणून.

खर्रा बंद केलाय. बंद म्हणजे, मित्रांनाच येऊ नका सांगितलं.

दारव्ह्याची_ताई

अपडेट देते. काल त्याला गाडीत मागची सीट पूर्ण आडवी करून परत डॉक्टरांकडे नेलं, रस्त्यात थांबून थांबून पंजे हलवायला लावले. एक्सरे काढला, हाड चांगलं भरून राहिलंय म्हणाले. पंजा काटकोनात येत नाही बघून चार दिवस नट बंद ठेवायला सांगितले आणि मग दिवसाला अर्धा मिलिमीटर. पंजाला पट्टी बांधून रिंगेला अडकवून दिली. पिनीसाठी गोळ्या दिल्या आणि धुवायला सलाइन. रिंगेवर वजन देऊन चाल म्हणाले, नुसता पडून राहू नको, चाललं तर हाड लवकर पक्कं होते. फोटोवर का नाही सांगितलं हे सगळं असं मी विचारलं तर म्हणाले फोटोत कळत नाही. मग आधीच बोलवायचं ना.

पाच करायचं की चारवर थांबायचं ते मात्र त्याने अजून ठरवलं नाही. डॉक्टर म्हणाले टाच टेकली नाही तर मागची दोरी सैल करायचं छोटं ऑपरेशन करावं लागेल, ते ऐकून आई म्हणते चार बस झाले. तो म्हणतो बघू. मी मधे बोलत नाही आता.

टाच_वर

फिजिओ ताई, एक विचारायचं होतं. बरं झाल्यावर मांडी घालून बसता येते का? पंगतीत, पूजेला वगैरे. आणि उकिडवं?

फिजिओ_वर्धा

मांडी येते बहुतेकांना, टोंगळा नीट वाकवत राहिलात तर. म्हणून दिवसातून काही वेळ टोंगळा सरळ ठेवायचा आणि काही वेळ पूर्ण वाकवायचा, दोन्ही. उकिडवं बसायला घोटा पुढे जास्त वाकावा लागतो, आणि तुमचा घोटा आत्ता तिथेच अडलाय, त्यामुळे ते सगळ्यात शेवटी येते आणि काहींना पूर्वीइतकं येतच नाही. जेवढं जास्त लांबवाल तेवढं ते अवघड. चार की पाच ठरवताना हे पण धरा. वरण, अंडी, दूध पोटभर खा, डॉक्टरांनी ड जीवनसत्त्व दिलं नसेल तर विचारून घ्या, आणि दुखण्याच्या गोळ्या मेडिकलवाल्याच्या मनाने घेऊ नका, काही गोळ्या जास्त दिवस घेतल्या तर हाड भरायला अडथळा येतो म्हणतात.

दारव्ह्याची_ताई

रिंगवाले भाऊ, ती कमोडची खुर्ची कुठे मिळेल? दारव्ह्यात दोन दुकानात विचारलं, नाही म्हणाले.

रिंगवाला_पांढरकवडा

यवतमाळले दवाखान्यापाशी सर्जिकलची दुकानं हायेत, तिथं पाह्यजा. नवीनच घ्या असं नाई, भाड्यानंबी देतेत कोनी कोनी. घडी होनारी घेऊ नका, रिंगेचं वजन असते, डगमगते. आन माही पडून हाय घरी, धुवून ठेवली हाय. कोनी पांढरकवड्याकडून येनार असन त सांगजा.