एमान्युएल रिव्हाची मधली वर्षं

फ्रेंच अभिनेत्री एमान्युएल रिव्हा 'हिरोशिमा मों आमूर' (१९५९) या चित्रपटानंतर थेट २०१२च्या 'आमूर'मध्येच उगवली, असं म्हटलं जातं; ते मला अजिबात पटत नाही. १९६२ साली 'तेरेझ देस्केरू' या चित्रपटासाठी व्हेनिस चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरली ती हीच. आणि पोलिश दिग्दर्शक किश्लोव्हस्कीच्या 'ब्लू'मधली, नायिका ज्युलिएट बिनोशची आई? लेक समोर उभी, हिची नजर टीव्हीवर, आणि लेकीला बहिणीच्या नावाने हाक मारतेय. जेमतेम काही मिनिटांचं काम, पण काळीज हलतं.

आणखी एक सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे तिने काढलेली छायाचित्रं. १९५८ मध्ये 'हिरोशिमा मों आमूर'च्या चित्रीकरणासाठी जपानला गेली असताना हिरोशिमाच्या रस्त्यांवर फिरून तिने तिथल्या लोकांचे, लहान मुलांचे भरपूर फोटो काढले होते. पन्नास वर्षांनी त्यांचं पुस्तक निघालं. मिळालं तर जरूर बघा, फार सुंदर आहेत.